काडीमोड आणि जोडीदार

आपल्या वस्तीत माणूस मेलं तर काय करायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. त्या घरात चूल पेटत नाही. शेजारची आक्का पिठलं करून आणते, पलीकडची वैनी भाकरी थापते, कुणी चहाची किटली आणून ठेवतं. विहारातल्या सतरंज्या येतात. पुण्यानुमोदनाच्या दिवशी चार माणसं उभी राहून चार बरे शब्द बोलतात. मेलेल्या माणसाचं दुःख वाटून घ्यायची आपल्याकडं रीत आहे.

संसार मेला तर रीत नाही. दोघांनी बसून ठरवलं की आता एका छपराखाली निभत नाही, बाईनं पेटी भरली, पोर काखेला मारलं आणि एस.टी. धरली, तर मागं राहिलेल्या दाराशी कुणी भाकरी घेऊन येत नाही. ती ज्या दारात जाऊन उतरते तिथंही कुणी येत नाही. येतात ते चौकशीला येतात. काय झालं? कुणाचं चुकलं? तिचं बाहेर काय होतं का? तू हात उचललास का? पोरगी कुणाकडं राहणार? एवढं विचारून झालं की चहा पिऊन जातात.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर सायडर आहे. गेल्या पावसाळ्यात मी आणि माझी बायको वेगळे झालो. चार वर्षांचा संसार होता, तीन वर्षांची पोरगी आहे. का वेगळे झालो ते इथं लिहिणार नाही. कारण या पानावर मला जागा मिळाली आहे, तिला मिळालेली नाही. एका बाजूची साक्ष घेऊन निकाल द्यायचा धंदा आपल्या बापजाद्यांविरुद्ध हजारो वर्षं चालला. तो मी माझ्या घरच्या बाईविरुद्ध चालवणार नाही. मला लिहायचंय ते दोस्तांविषयी. या आठ महिन्यांत मी कुणाच्या खांद्यावर उभा राहिलो, आणि कुठला खांदा मी घेतला नाही, त्याविषयी.

आधी जुनी गोष्ट. आपल्या लोकांत काडीमोड नवा नाही. पांढरपेशांची बाई नवऱ्याच्या मागं आयुष्यभर कुढत बसायची, त्या काळात आपल्यात गवताची काडी मोडून नवराबायको मोकळे होत होते. बाईला पाट लावता येत होता. हे चांगलंच होतं. पण त्या काडीच्या भोवती पंच बसलेले असायचे. पंच दंड घ्यायचे, जेवण उकळायचे, बाईला चावडीसमोर उभी करून नको ते विचारायचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण ते सगळं टाकून दिलं. पंच गेले. पण पंचांची खोड गेली का? माझ्या खोलीत पहिल्या आठवड्यात जे अकरा जण येऊन गेले, त्यातले आठ जण पंच होते. पँट-शर्टातले, जयभीम म्हणणारे, हातात स्मार्टफोन असलेले पंच.

उरले तीन. त्या तिघांविषयी सांगतो.

पहिला माझा जोडीदार. आपल्या भाषेत हा शब्द दोघांना लावतात, लग्नाच्या माणसाला आणि कामावरच्या माणसाला. गिरणीत जोडीदार म्हणजे शेजारच्या साच्यावरचा. रिंगफ्रेमच्या बाजू एकट्यानं धरल्या की माणूस सारखा चालतच राहतो. धागा तुटला की सांधायचा, नाही सांधला तर रोलरला कापूस गुंडाळतो आणि जॉबरच्या शिव्या खाव्या लागतात. अशा कामात मुतायला जायचं म्हटलं तरी शेजारच्याला सांगावं लागतं, "साचा बघ रे." तो आपल्या बाजू सांभाळून तुझ्याही बाजू बघतो. कागदावर या कामाची नोंद कुठं होत नाही. त्याचा पगार मिळत नाही. पण सगळी गिरणी त्याच्यावर चालते.

ती गेली त्या रात्री मला तिसरी पाळी होती. रातपाळीला तीनच्या सुमाराला डोळ्यांपुढं बॉबिनी दिसेनात. मी काही बोललो नाही. जोडीदारानं एकदा बघितलं आणि म्हणाला, "बस जा तिकडं गठ्ठ्यावर. मी बघतो." दोन तास त्या माणसानं दुप्पट साचे ओढले. सकाळी सुटताना त्यानं फक्त एवढं विचारलं, "जेवलास का रातच्याला?" नाही म्हटलं. मग तो मला त्याच्या घरी घेऊन गेला. पुढं वीस-पंचवीस दिवस मी त्याच्याकडंच जेवलो. एवढ्या दिवसांत त्यानं एकदाही विचारलं नाही, काय झालं म्हणून.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपण पुरुष ती सांगत नाही. दोस्तावर टेकलो, दोस्तानं सांभाळलं, असं आपण भाषणात म्हणतो. पण दोस्ताच्या घरात भाकरी कोण थापतं? ती बाई सकाळी पाचला उठून पाणी भरते, दोन पोरांचं आवरते, मग शिलाईला जाते. माझ्यासाठी तिनं रोज दोन भाकरी जास्त थापायच्या, आणि नाव माझ्या जोडीदाराचं! म्हणून तिसऱ्या दिवशी मी ज्वारीचं पीठ आणि तेलाची पिशवी घेऊन गेलो. ताट मीच घासायचो. सुट्टीच्या दिवशी कालवण मी करायचो. वैनी हसून म्हणाली, "भावजी, तुमच्या हाताला चव हाय की. आमच्या मालकान्ला बी शिकवा." पुरुषाच्या मैत्रीखाली एक बाई राबत असते. तिची मजुरी मोजल्याशिवाय मैत्रीवर कविता लिहू नये.

दुसरी माणूस म्हणजे आमच्या गल्लीतली आक्का. वय साठ-पासष्ट, कागद-काच गोळा करते. अंगठेबहाद्दर. ती आली, दारात बसली आणि म्हणाली, "मी तुझ्या बायकूकडं बी जाणार हाय. तुला सांगून जाते. हितलं तितं सांगणार न्हाई, तितलं हितं सांगणार न्हाई. चालंल का?" मी म्हणालो, चालंल. ती खरंच गेली. एस.टी.नं सव्वा तास जाऊन माझ्या बायकोच्या माहेरी चटणी-भाकरी घेऊन गेली. परत आल्यावर मी विचारलं, कशी आहे? म्हणाली, "हाय. जेवती." एवढंच. त्या दोन शब्दांनी मला त्या रात्री झोप लागली.

आता दर दुसऱ्या रविवारी आक्का मला घेऊन तिकडं जाते. मी ओट्यावर पोरीशी खेळतो, आक्का आत पोरीच्या आईशी बोलते. आक्का नसती तर ते दार मला उघडं राहिलं नसतं. तिच्या खांद्यावर आम्ही दोघं टेकलो, दोन बाजूंनी. आणि म्हातारीनं कुणाचं वजन कुणाला सांगितलं नाही.

तिसरा आमच्या अभ्यासवर्गातला थोरला मित्र. त्याला सगळे दादा म्हणतात. कोर्टाच्या आवारात टायपिंग करतो. त्यानं मला शब्दांनी धीर दिला नाही, माहिती दिली. माझ्यासारखे कितीतरी जण या माहितीवाचून बुडतात, म्हणून ती इथं लिहून ठेवतो.

माझा मामा म्हणत होता की स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी करू, दोन साक्षीदार घेऊ, विषय मिटला. दादा म्हणाला, असं मिटत नाही. आपलं लग्न विहारात बौद्ध पद्धतीनं लागलं तरी कायद्यानं आपल्याला १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू आहे, त्याच्या दुसऱ्या कलमात बौद्धांचं नाव लिहिलेलं आहे. रूढीनं होणारा काडीमोड त्या कायद्यानं शिल्लक ठेवला आहे, पण रूढी कोर्टात शाबीत करावी लागते. नुसत्या स्टॅम्पवरच्या सह्यांनी लग्न सुटत नाही. उद्या दोघांतल्या कुणी दुसरं लग्न केलं तर ते अडकतं, आणि जास्त करून बाईच अडकते. दोघांची संमती असेल तर १९७६ च्या दुरुस्तीनं आलेलं १३-ब कलम आहे. एक वर्ष वेगळं राहिलेलं असलं पाहिजे, मग दोघांनी मिळून अर्ज करायचा. अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. पण २०१७ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की योग्य प्रकरणात कोर्ट हे सहा महिने माफ करू शकतं.

मग तो म्हणाला, "आणि तिचा वकील वेगळा पायजे. तुझा वकील तिचं हित बघणार न्हाई." १९८७ च्या विधी सेवा कायद्यात अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे, मिळकत न बघता. बौद्ध झालो म्हणून तो हक्क जात नाही, १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरलेलं आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज करायचा. दादानं त्या अर्जाचे दोन कोरे कागद आणले. एक माझ्या हातात दिला. दुसरा आक्काच्या पिशवीत घातला.

हे झाले घेतलेले खांदे. आता जे घेतले नाहीत ते सांगतो, कारण आपल्या चळवळीच्या पोरांना तेच जास्त सापडतात.

एक दोस्त क्वार्टर घेऊन आला. "घे, हलकं वाटंल." त्याचं प्रेम खोटं नव्हतं. त्याला दुःखावर दुसरं औषध कुणी दाखवलेलंच नाही. मी त्याला बसवलं, चहा केला, बाटली त्याच्या खिशात परत घातली. आपण रोज पाचवं शील म्हणतो. सिगालोवाद सुत्तात बुद्धानं त्या गृहस्थाच्या पोराला सांगितलंय की दारूच्या वेळी सोबत असणारा तो मित्र नव्हे. आणि खरा मित्र चार प्रकारचा : उपकार करणारा, सुखदुःखात सारखा राहणारा, हिताचं सांगणारा, अनुकंपा असलेला. मी मोजून बघितलं. माझ्याकडं तीन माणसांत चारी प्रकार भरले.

दुसरा एक कार्यकर्ता आला. मोर्चात पुढं असतो, पोलिसाला भीत नाही. तो म्हणाला, "चार पोरं घेऊन जातो तिच्या माहेरी. नीट समज देतो. पोरगी तुझी हाय, उचलून आणू." त्याच्या डोळ्यांत माझ्यासाठी पाणी होतं, हेही खरं. दादा तिथंच बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "रातच्याला चार गडी घेऊन बाईच्या दारात जायचं, हे आपण कुणाकडनं शिकलो रं? आपल्या आयांच्या दारात असं कोण येत होतं?" त्यावर कुणी काही बोललं नाही. गावच्या पाटलाची माणसं आपल्या झोपडीपुढं उभी राहायची, तेव्हाही चारच असायची. त्या दारात माझी पोरगी झोपते. तिला तिच्या बापाची माणसं अशी दिसली असती तर तिनं पुढं जयभीम ऐकून काय समजायचं?

तिसरा कवी. माझाच समानधर्मी. म्हणाला, "लिही यावर. जबरदस्त कविता होईल. बेइमान बाईवर आपल्यात कुणी असं उघडं लिहिलं नाही." मी त्याला सांगितलं, बाईवर उघडं लिहिणारे मराठीत ढिगानं आहेत, बाईनं लिहिलेलं वाच. मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ साली आलं. चळवळीतल्या घराची आतली बाजू बाईच्या हातानं त्यात लिहिली गेली. बाहेर टाळ्या वाजत असताना आत काय चालतं, ते आपण तोवर छापलं नव्हतं. मी कविता लिहिली, पण रिंगफ्रेमवर लिहिली. सोडून गेलेल्या बाईला शिव्या घातल्यानं साहित्य विद्रोही होत नाही. शिव्या तर तिला तिचा भाऊसुद्धा घालतो.

कारण बघा, शब्दसुद्धा कसे वाटलेत. वेगळ्या झालेल्या पुरुषाला मराठीत नाव नाही. मी पूर्वी सायडर होतो, आताही सायडर आहे. बाईला मात्र नावं तयार आहेत : टाकलेली, सोडलेली, न नांदणारी. सभ्य भाषेत परित्यक्ता. १९८८ साली संगमनेरला अशा बायकांची परिषद भरली, तेव्हा कुठं त्यांचं दुःख घरातनं मांडवात आलं. माझ्या आजूबाजूला गिरणी आहे, चहाचा गाडा आहे, अभ्यासवर्ग आहे, रात्री बारापर्यंत बसायला कट्टा आहे. तिच्या आजूबाजूला काय आहे? ती संध्याकाळी मैत्रिणीकडं गेली तर भाऊ विचारतो, कुठं गेलतीस? मैत्रिणीची सासू म्हणते, टाकलेलीची संगत नको. म्हणजे दोघांचं दुःख एकच असलं तरी मला टेकायला दहा भिंती, तिला एकही नाही. आक्का तिकडं का गेली, ते मला हे सगळं मनात मांडल्यावर कळलं.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं की लग्न करणाऱ्या मुलीनं नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभं राहावं, गुलाम होऊ नये. आपण हे दर वर्षी भाषणात सांगतो. मग मला सांगा, बायको मैत्रीण असेल, तर वेगळं होतानासुद्धा मैत्रीचाच कायदा लागला पाहिजे की नाही? हिंदू कोड बिल अडलं तेव्हा १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. त्या बिलात वारसा होता, दत्तक होतं, लग्न होतं आणि घटस्फोटही होता. बाईला नकोशा लग्नातनं बाहेर पडता यावं, हा हक्क त्यांना तेवढ्या मोलाचा वाटत होता. तो हक्क माझ्या घरात वापरला गेला तर मी त्याला घराण्याची अब्रू गेली म्हणू?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या पश्चात १९५७ साली आला. त्यात करुणेच्याही पुढं मैत्री सांगितली आहे. करुणा दुःखी माणसापुरती, मैत्री सगळ्या जीवमात्रांसाठी. स्टेजवर हा शब्द सोपा जातो. खोलीत, एकट्यानं स्टोव्ह पेटवताना तो अवघड जातो. मला वाटतं, मैत्री म्हणजे दुसऱ्याच्या बाजू सांभाळणं, त्यानं न सांगता, आणि त्याचा साचा माझा आहे असं न म्हणता.

टेकण्यालाही शिस्त लागते, हे आठ महिन्यांत शिकलो. एकाच माणसावर सगळं वजन टाकलं तर तो मोडतो. जोडीदाराला त्याची पोरं आहेत, त्याची पाळी आहे, त्याच्या बापाचा दमा आहे. म्हणून मी वजन वाटलं. जेवण एका घरी, रडणं दुसऱ्याकडं, कागदपत्रं तिसऱ्याकडं. रात्रीचं जे कुणालाच सांगण्यासारखं नाही, ते वहीत. दोस्तांकडनं साडेसहा हजार रुपये उसने घेतले. त्याचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे. पगार झाला की पोरीच्या खर्चाचे आधी बाजूला काढतो, मग उसन्याचे. आता अडीच हजार राहिलेत.

आणि पुरुषानं रडू नये म्हणतात, ते सोडून द्या. दादाच्या टायपिंगच्या टेबलाशेजारी, कोर्टाच्या भर आवारात मी रडलोय. पक्षकार बघत होते. दादानं टायपिंग थांबवलं नाही. फक्त डाव्या हातानं पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली. त्या आवारात रडणारा मी पहिला नव्हतो, हे त्याला माहीत होतं.

दोस्तांनो, एक सुचवतो. आपल्या प्रत्येक वस्तीत रविवारची वंदना होते. जयंतीची वर्गणी ठरते, निळ्या झेंड्यांचा हिशेब होतो, कोण कुठल्या गटाचा यावर भांडणं होतात. तिथंच एकदा हेही ठरवा. वस्तीत कुणाचा संसार मोडला तर पहिले आठ दिवस त्याच्याकडं कोण जेवण नेणार. बाई ज्या वस्तीत गेली असेल तिथल्या आपल्या माणसांना कोण कळवणार. तिच्याकडं जाणारी बाईमाणूस कोण. कायद्याचा कागद कोण आणणार, दोघांनाही. आणि एक नियम करा, की कारण विचारायचं नाही. ज्याला सांगायचंय तो सांगेल. निकाल द्यायला कोर्ट आहे.

परवा जोडीदाराच्या बापाला दमा उठला, सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं. मधल्या पाळीला त्यानं माझ्याकडं बघून हाक मारली, "साचा बघ रे." मी त्याच्या बाजू धरल्या. चारी बाजूंनी धागे तुटत होते, एकामागून एक सांधत गेलो. पाळी सुटेपर्यंत दोघांचंही उत्पादन भरलं होतं.